एक्केचाळीस सेकंद

रेडिओ केंद्रात तिला सगळे कात्रीताई म्हणायचे. खरं तर कात्री तिनं कामावर कधी हातात धरली नाही. ती टेप कापायची ती ब्लेडनं. पण रुजू झाली त्याच आठवड्यात कँटीनमधल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं काही चिकटलं, की हजेरीपटावरचं तिचं खरं नाव वाचून एका नव्या कारकुनानं "ह्या कोण बाई? कधी दिसल्या नाहीत," असं तिलाच विचारलं होतं.

मैफलींचं ध्वनिमुद्रण सभागृहात व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी ती रिळं तळघरात तिच्या खोलीत यायची. खोलीला खिडकी नव्हती. दोन मोठी मशीनं, एक टेबल, टेबलावर खाच पाडलेली लोखंडी पट्टी, पिवळी मेणाची पेन्सिल, ब्लेडांची पाकिटं आणि पांढऱ्या चिकटपट्टीचं भेंडोळं. रीळ लावायचं, कानाला हेडफोन चढवायचा आणि ऐकत बसायचं. कुणी खोकलं, कुणाची खुर्ची करकरली, कुणाच्या हातून किल्ल्या पडल्या, की मशीन थांबवायचं. रीळ हातानं मागंपुढं फिरवून खोकल्याची सुरुवात आणि शेवट शोधायचा, तिथं पिवळी खूण करायची, टेप खाचेत ठेवून तिरकी कापायची, आणि दोन्ही टोकं पाठीमागून चिकटवून टाकायची. जोड ऐकू आला तर काम फसलं. तिचा जोड कधी कुणाला ऐकू आला नाही.

हात स्थिर होता तो वडिलांमुळं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आणि लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ती चिमट्यानं बारीक स्क्रू उचलून द्यायची. गाण्याचं मात्र घरात कुणाला काही कळत नव्हतं. पहिली दोन वर्षं तिच्या लेखी संगीत म्हणजे खोकले काढल्यावर जे उरतं ते. मग एकदा पियानोच्या एका रिळात एक शिंक अशी काही बसली होती की कापायची जागाच सापडेना. तेच दोन सेकंद तिनं तीसेक वेळा ऐकले. पंचविसाव्या वेळी तिच्या लक्षात आलं की शिंक कधीच सापडली आहे, आणि आपण उगाचच ऐकतोय. त्या दोन सेकंदांत डावा हात उजव्या हाताची वाट बघत होता. एवढंच. पण ते कळल्यावर ती मान खाली घालून जरा वेळ नुसती बसून राहिली.

संगीत ती शिकली ते असं, दोन-दोन सेकंदांनी. रागताल, कुणाचं घराणं कोणतं, यातलं तिला कधीच धड सांगता आलं नसतं. पण बासरीवाला मोठा सूर लावायच्या आधी नाकातून श्वास घेतो की तोंडातून, हे तिला ठाऊक होतं. एक नामांकित गायिका वरच्या सुराला हात घालण्याआधी आवंढा गिळायची. एक पियानोवाला स्वतःशीच गुणगुणायचा, आणि ते गुणगुणणं कापता येत नाही म्हणून साहेब वैतागायचे. ही माणसं कधी कधी जिन्यात, व्हरांड्यात भेटायची. ती भिंतीला चिकटून वाट द्यायची. ज्यांचा श्वास न् श्वास तिनं बोटांखालून फिरवला होता, ती माणसं तिच्या अंगावरून पुढं निघून जायची.

लग्न झालं नाही. का, याला काही मोठी गोष्ट नाही. दोन स्थळं आली, एकाला उंची कमी वाटली आणि दुसऱ्याचं काहीच उत्तर आलं नाही. नंतर वडील गेले. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात संसाराला लागला, आणि दोन खोल्यांच्या घरात ती आणि आई उरल्या. संध्याकाळी ती चपला काढत असतानाच आई आतून विचारायची, "काय गं, आज किती जणांचे गळे कापलेस?"

"अकरा."

"पापं फेडशील कुठं!" म्हणत आई ताट वाढायला घ्यायची.

ती चव्वेचाळीस वर्षांची असताना सभागृहाचं छत दुरुस्तीला निघालं. तेव्हा व्हायोलिनवाल्या बुवांचा कार्यक्रम जुन्या वाचनालयाच्या मोठ्या दालनात ठेवावा लागला, तोही सकाळी, कारण तिथं दिव्यांची सोय नव्हती. बुवा तेव्हा सत्तरीचे. साथीला कुणी घ्यायचे नाहीत. एकटेच बसायचे, डोळे मिटायचे आणि एकेक सूर असा सावकाश ठेवायचे, की पुढचा येईपर्यंत ऐकणाऱ्याला आधीच्याची पुरती ओळख व्हावी.

दालनाच्या खिडक्या उघड्या होत्या, कारण बंद केल्या तर माणसं उकडून निघाली असती. रीळ तिच्याकडे आलं तेव्हा त्यात सायकलची घंटा होती, झाडूचा आवाज होता, आणि खोकले तर पोत्यानं होते. हे सगळं काढत ती मध्यापर्यंत आली. बुवा एका सुरावर उतरून थांबले. तिनं सवयीनं वाट पाहिली. पुढचा सूर आला नाही. दोन सेकंद, पाच सेकंद. दालनात कुणी हललंसुद्धा नाही. अकराव्या सेकंदाला खिडकीबाहेर एक पक्षी बोलला. तीन सूर, शीळ घातल्यासारखे, शेवटचा किंचित वर उचललेला. पुन्हा शांतता. आणि मग बुवांनी तेच तीन सूर व्हायोलिनवर घेतले. अगदी हळू, जणू कुणाची वस्तू न विचारता उचलतोय. ते फिरवून पाहिले, त्यांतून एक वाट काढली, आणि त्या वाटेनं ते जिथं थांबले होते त्या सुरावर परत येऊन पोचले.

तिनं हेडफोन काढला. उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. खोली एवढी लहान की फेरी चार पावलांत संपायची. मग परत बसून पुन्हा ऐकलं.

साहेब दुपारी रीळ तपासायला आले. पक्षी येताच त्यांनी हात वर केला. "हे काढा."

"साहेब, ते राहू द्या ना."

"अहो, अकरा सेकंदांची शांतता आहे! रेडिओवर पाच सेकंद आवाज गेला की ट्रान्समीटरवाल्यांचा फोन येतो. आणि वर हा पक्षी. लोकांना वाटेल आपली खिडकी उघडी राहिली."

"राहिलीच होती की."

"म्हणून काय गावभर सांगायचं? काढा."

आयुष्यात पहिल्यांदा ती साहेबांना इतकं उलट बोलली होती. त्याच्या पुढं जायचं धाडस तिच्यात नव्हतं. नुसता पक्षी काढून चालणार नव्हतं, कारण त्याच्या मागून आलेले बुवांचे सूर मग हवेत लोंबकळले असते. म्हणून बुवा ज्या सुरावर थांबले आणि ज्या सुरावर परत आले, त्या एकाच सुराच्या पोटात तिनं दोन्हीकडून ब्लेड घातलं. मधले एक्केचाळीस सेकंद गेले. जोड असा बसला की तिलाच परत ऐकताना जागा शोधावी लागली. अख्ख्या नोकरीत तिनं केलेलं ते सगळ्यांत सफाईदार काम होतं.

कापलेले तुकडे टोपलीत टाकायचा नियम होता. त्या दिवशी तिनं तो तुकडा टोपलीतून परत काढला, पेन्सिलीला घट्ट गुंडाळला, वर चिकटपट्टी लावली आणि पर्समध्ये ठेवला. घरी नेऊन बटणांच्या डब्यात टाकला. वाजवायला घरी मशीन नव्हतं. तरी कधीमधी ती डबा उघडून ती तपकिरी गुंडाळी बघायची.

कार्यक्रम प्रसारित झाला आणि तीन दिवसांनी शिपाई धावत तळघरात आला. "ताई, ते व्हायोलिनवाले बुवा आलेत. टेप कोण कापतं त्यांना भेटायचंय म्हणतात."

तिनं ब्लेड खाली ठेवलं. "काय म्हणाले? चिडलेत?"

"चेहऱ्यावरून काही कळत नाही. पण भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणतात."

"सांग मी रजेवर आहे."

"मी तर म्हटलं खाली आहेत..."

"मग सांग आत्ताच गेल्या घरी!"

शिपायानं काय सांगितलं कोण जाणे. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली आणि तिच्या दाराबाहेरचं बाकडं करकरलं. तिनं मशीन बंद केलं. दाराखालच्या फटीतून काळ्या बुटांची टोकं दिसत होती. एका बुटाची नाडी सुटली होती. ती खुर्चीत तशीच बसून राहिली, श्वास लहान करून. काय सांगणार होती? साहेबांनी सांगितलं म्हणून कापलं, हे खरं होतं. पण हात तिचा होता. तास गेला, वर अर्धा तास गेला. मग बूट उठले, दारासमोर क्षणभर थांबले, आणि जिना चढून गेले.

त्यानंतर बुवा केंद्रात आले नाहीत. दोन-तीन वर्षांनी त्यांनी वाजवणंच सोडलं असं कुणीतरी म्हणालं, आणि तिला वाटलं, यात आपलाही वाटा आहे.

तो पक्षी कोणता हे तिला माहीत नव्हतं. एका सुट्टीच्या सकाळी ती वाचनालयाच्या आवारात जाऊन बसली. दुसऱ्या खेपेला तो दिसला. काळपट अंग, पिवळी चोच, गवतात चार पावलं धावायचा आणि मान वाकडी करून थांबायचा. ग्रंथपालबाईंनी पुस्तक काढून दाखवलं. "कस्तूर आहे हा. गळ्याचा मोठा धनी. बघाल हं, आमच्या टेलिफोनची घंटासुद्धा वाजवतो लबाड. मी दोनदा धावत आत गेलेय."

मग कामावर जाण्याआधी अर्धा तास त्या आवारात बसायची तिला सवय लागली. खोकले वेचून तयार झालेला कान होता, त्याला बाकी पुष्कळ काही ऐकू येऊ लागलं. वाळक्या शेंगा ऊन चढलं की टचकन फुटतात आणि बिया पानांवर पडतात. चार हातांवर गोगलगाय पान खात असेल आणि वारा पडलेला असेल, तर तिच्या कुरतडण्याचा आवाज येतो, कागदावर नख ओढल्यासारखा. आणि पानगळीच्या दिवसांत, जेव्हा कस्तूर गाणं बंद करून बसतो असं लोक समजतात, तेव्हा तो झुडपात आत शिरून चोच मिटून गात असतो. गळा तेवढा हलतो. दोन पावलांवर उभं राहिलं तरच ऐकू येईल इतक्या हळू. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं. कामावर काका होते, मशीनं दुरुस्त करणारे. त्यांना सांगितलं. काका म्हणाले, "असेल असेल," आणि स्क्रू शोधायला लागले. आईला सांगितलं, तर आईला तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं. "कोण गात होतं? बंद तोंडानं? सर्दी झाली असेल बिचाऱ्याला."

आई गेली त्या वर्षी भाऊ दहा दिवस येऊन राहिला. जाताना म्हणाला, "ताई, चल आमच्याकडे."

"आणि नोकरी?"

"नोकरी काय जन्माला पुरणार आहे?"

"बघू," ती म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की ती जाणार नाही. रविवारी फोन यायचा, तो येत राहिला. बाकीचे सहा दिवस ती चपला काढायची तेव्हा आतून काहीच आवाज यायचा नाही. मग ती पाण्याचा नळ सोडायची, मुद्दाम.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या निवृत्तीला आणि जुन्या मशीनांच्या निवृत्तीला एकच मुहूर्त लागला. सगळं काम संगणकावर गेलं होतं. पडद्यावर रेघ दिसायची, ती पुसायची, चुकलं तर परत आणायची. तिला ते जमलं, पण त्यात तिचं मन काही रमलं नाही. शेवटच्या आठवड्यात काकांनी सांगितलं, "तुझं मोठं मशीन शनिवारी भंगारात जातंय. काही वाजवायचं असेल तर आत्ताच."

ती दुसऱ्या दिवशी बटणांचा डबा घेऊन आली. काकांनी गुंडाळी बघितली, तिच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता टेप रिळाला जोडून दिली.

चौदा वर्षांनी तिनं ते ऐकलं. सगळं जसंच्या तसं होतं, पण एक गोष्ट नवी होती. पक्ष्याच्या प्रत्येक सुराच्या किंचित आधी त्याच सुराची पुसट सावली ऐकू येत होती. सूर उमटायच्या आधीच त्याची चाहूल.

"घट्ट गुंडाळून ठेवलीस ना," काका म्हणाले, "एका थरावरचा आवाज खालच्या थरावर उतरतो. इतकी वर्षं अंगाला अंग लावून बसल्यावर होणारच." मग म्हणाले, "हे कुणाचं? बुवांचं का? अगं, ते आहेत अजून. कालव्यापलीकडे राहतात, मुलाकडे. कॅसेट करून देऊ का?"

बुवांच्या दारापर्यंत जायला तिला निवृत्तीनंतर पाच आठवडे लागले. दोनदा ती बसमधून उतरून परत फिरली. तिसऱ्यांदा तीन जिने चढून घंटा वाजवली. दार सूनबाईंनी उघडलं. हाताला पीठ होतं.

"रेडिओवरून आलेय. म्हणजे, होते तिथं. सरांना भेटायचं होतं."

"रेडिओवरून?" सूनबाईंनी आत बघून आवाज चढवला. "बाबा, तुमच्याकडे कुणी आलंय!"

बुवा खिडकीपाशी बसले होते. पंच्याऐंशीचं वय, बोटं सुजून आखडलेली, पण दाढी गुळगुळीत. ती समोरच्या खुर्चीच्या काठावर टेकली आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात बोलून मोकळी झाली. "वाचनालयातल्या तुमच्या कार्यक्रमाची टेप मी कापली. तुम्ही भेटायला आला होता तेव्हा मी आत होते. रजेवर नव्हते."

"ते माहीत होतं मला," बुवा म्हणाले. "दाराखाली उजेड दिसत होता."

तिचा चेहरा उतरला. बुवांनी हातानं "असू दे" अशी खूण केली.

"मला वाटलं, बाई लाजाळू असतील. पण मनात राहून गेलं हो. आभार मानायचे होते."

"आभार?"

"अहो, मी विसरलो होतो!" बुवा पुढं वाकले. "तो थांबा नव्हता." वाजवता वाजवता पुढचं सगळं डोक्यातून गेलं. साठ वर्षं ज्या रस्त्यानं चाललो तो रस्ताच नाही. समोर तीनशे माणसं डोळे मिटून बसलीत, त्यांना वाटतंय बुवांची समाधी लागली, आणि इकडे बुवांना घाम फुटलाय. तो पक्षी बोलला म्हणून वाचलो. त्याचं बोट धरून चाचपडत घरी आलो. मग तीन दिवस झोप नाही, आता रेडिओवर सगळ्या जगाला कळणार. आणि ऐकतो तर काय, ती जागाच नाही! कुठं जोडलंय तेही सापडेना. म्हटलं, तिथं कुणीतरी जाणकार बसलंय. त्याला कळलं, म्हातारा अडखळला, आणि त्यानं माझी अब्रू झाकली."

बाहेर कुणीतरी बादली सरकवली. तिला वाटलं, आता नुसतं हसावं आणि गप्प बसावं. आयतं चालून आलेलं कौतुक होतं. पण ती खोटं कधी बोलली नव्हती, त्या एका रजेखेरीज.

"मला नव्हतं कळलं," ती म्हणाली. "तुम्ही विसरलात हे मला आत्ता कळतंय. साहेबांनी काढायला लावलं म्हणून काढलं. मी नको म्हणत होते."

"नको का?"

"मला ते फार आवडलं होतं."

बुवांनी डावा कान तिच्याकडे वळवला.

"इतकी वर्षं मी ऐकलं सगळ्यांचं," ती म्हणाली, "पण त्यासारखं दुसरं नाही ऐकलं. टोपलीत टाकवेना म्हणून घरी नेलं."

"आहे तुमच्याकडे?"

तिनं पर्समधून कॅसेट काढली. सूनबाईंनी आतून नातवाचा जुना कॅसेटप्लेअर आणून लावला. एक्केचाळीस सेकंद काही फार नसतात. संपल्यावर बुवांनी बोटानं खूण केली, पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि आखडलेला डावा हात मांडीवर किंचित हलला.

"त्याच्या आधी त्याचीच सावली येतेय," ते म्हणाले.

"टेप जुनी झाली म्हणून."

"बरं झालं जुनी झाली." मग ते म्हणाले, "वाईट नाही वाजवलं हो. मला आठवत होती ती नुसती भीती. पुढं मी सोडलंच वाजवणं. परत तसं झालं तर, या धसक्यानं."

त्या दिवशी तिनं दार उघडलं असतं आणि ते फार आवडलं होतं एवढंच सांगितलं असतं, तर बुवा कदाचित आणखी पाच-सात वर्षं वाजवत राहिले असते. कदाचित नसतेही. हा विचार दोघांच्याही मनात आला असावा, कारण दोघंही एकाच वेळी खिडकीकडे बघू लागले.

ती निघताना बुवा म्हणाले, "गुरुवारी येता का? गुरुवारी घरी कुणी नसतं."

मग ती दर गुरुवारी जाऊ लागली. बुवांचा उजवा कान गेला होता, डावा अर्धा शाबूत होता. ती डावीकडे बसायची आणि आठवडाभरात जे ऐकलं असेल ते सांगायची. शेंगांचं सांगितलं, गोगलगाईचं सांगितलं. बुवा बारीकसारीक विचारायचे. शेंग फुटते त्याआधी काही आवाज होतो का? गोगलगाय मध्ये थांबते का, की सलग खाते? एकदा तिनं चोच मिटून गाणाऱ्या कस्तुराचं सांगितलं, तेव्हा बुवा इतका वेळ गप्प राहिले की तिला वाटलं झोपले. मग म्हणाले, "म्हणजे रियाज करतो तो. कुणाला ऐकू जाऊ नये असा." आणि लगेच, "मीही करतो. बोटं चालत नाहीत, पण डोक्यात रोज तासभर वाजवतो. सूनबाईंना वाटतं बाबा ऊन खात बसलेत."

"मग आत्ता काय वाजवत होता?"

"आत्ता? आत्ता तुम्ही मध्ये बोललात, चुकलो ना!"

ती हसली. आपण मोठ्यानं हसलो हे तिला घरी जाताना बसमध्ये आठवलं.

असे सात महिने गेले. थंडीत तिला ताप आला आणि दोन गुरुवार चुकले. फोन करावा असं मनात आलं, पण तिच्याकडे त्यांचा नंबर नव्हता. इतक्या दिवसांत घेण्याची वेळच आली नव्हती. तिसऱ्या गुरुवारी ती जिने चढून गेली तेव्हा दार उघडंच होतं आणि बाहेर चपला होत्या, पुष्कळ. दारातूनच तिला कळलं.

"गेल्या मंगळवारी," सूनबाई म्हणाल्या. "झोपेतच. तुम्हाला कळवायचं होतं हो, पण नंबर कुणाकडे नव्हता, आणि तुमचं नावसुद्धा..."

कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "ह्या कोण?"

सूनबाई क्षणभर अडखळल्या. "ह्या गुरुवारी यायच्या," त्या म्हणाल्या.

ती थोडा वेळ बसली. खिडकीपाशी जागा नव्हती, तिथं कुणाची तरी मुलं खेळत होती. बुवांच्या मोठमोठ्या मैफलींच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मैफली तिनं कापलेल्या होत्या. ती निघाली तेव्हा सूनबाई खालच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या.

"बुधवारी संध्याकाळपासूनच सुरू व्हायचं त्यांचं. दाढीचं पाणी आण, शर्ट काढून ठेव. आम्ही चेष्टा करायचो," सूनबाई म्हणाल्या, आणि पदरानं नाक पुसलं. "काय बोलत होता हो तुम्ही दोघं?"

"काही नाही. पक्ष्याबिक्ष्यांचं."

"येत जा. गुरुवारी मी असते आता घरी."

"येईन," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेली. सूनबाई गच्चीत वाळलेले कपडे काढत होत्या. दोघींना एकमेकींशी बोलायला फारसं काही नव्हतं. तिनं पर्स कठड्यावर ठेवली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.